न पाहिलेल्याचा पुरावा

साक्षीदाराला विचारावयाच्या प्रश्नांत सर्वांत जुना आणि सर्वांत धारदार प्रश्न एकच आहे: "हे तुम्ही स्वतः पाहिले काय?" ह्या एका प्रश्नाने भले भले साक्षीदार पिंजऱ्यात चाचरतात. तथापि वकिलीच्या धंद्यात वीस वर्षे घालविल्यावर आमचे मत असे बनले आहे, की पाहिलेल्याचा पुरावा नेहमीच बळकट नसतो आणि न पाहिलेल्याचा नेहमीच दुबळा नसतो. डोळ्यांनी पाहणारा मनुष्य चुकतो, विसरतो, क्वचित् भिडेस पडून खोटेही बोलतो. चिखलात उमटलेल्या पावलाला मात्र कोणाची भीड नसते. १८७२ चा पुराव्याचा कायदा १ जुलै २०२४ पासून जाऊन त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. परंतु 'शाबीत' ह्या शब्दाचा अर्थ जुनाच राहिला. एखादी गोष्ट आहे असे न्यायालयाला वाटले, किंवा ती असणे इतके संभवनीय वाटले की समजूतदार मनुष्याने ती आहे असे धरूनच चालावे, म्हणजे ती शाबीत झाली. ह्या व्याख्येत डोळ्यांचा उल्लेखही नाही.

हे सारे आठवावयास कारण झाली आमची भाची. ती इंदुरास नववीत शिकते. घरी मराठी बोलते, शाळेत हिंदी वाचते. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत ती गोव्यास आली असता आमच्याकडील एक मराठी विज्ञानाचे पुस्तक चाळीत बसली होती. थोड्या वेळाने ती वैतागून म्हणाली, "मामा, तुमच्या पुस्तकात सगळं उलटंच लिहिलंय. आमचा परमाणु तो तुमचा अणू, आणि आमचा अणु तो तुमचा रेणू. मग खरा कोण?"

तिची तक्रार रास्त होती. पदार्थाचा जो मूळ कण, त्याला मराठीत 'अणू' म्हणतात; हिंदीत आणि गुजरातीत त्यालाच 'परमाणु' म्हणतात. असे दोन वा अधिक कण एकत्र बांधले जाऊन जो समूह होतो, तो मराठीत 'रेणू' आणि हिंदीत व गुजरातीत 'अणु'. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथील मराठी घरांतील मुलांना हा घोटाळा नित्याचाच असणार. आम्ही तिला म्हटले, "नावं दोन असली तरी इसम एकच आहे. शाळेत शाळेचं नाव लिही, घरी घरचं बोल." तिचे तेवढ्याने समाधान झाले नाही. तिने पुढचा प्रश्न टाकला: "पण मामा, हा इसम कोणी पाहिलाय का?"

वकिलाच्या भाचीला शोभेल असाच हा प्रश्न. त्याचे उत्तर जमविण्यात आमची ती सुटी गेली. जे जमले ते रसायनशास्त्राचा श्रीगणेशा करू इच्छिणाऱ्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. नावे आम्ही मराठी पद्धतीनेच योजू: मूळ कण तो अणू, अणूंचा बांधलेला समूह तो रेणू, आणि एकाच जातीच्या अणूंचा बनलेला पदार्थ ते मूलद्रव्य. आज अशी ११८ मूलद्रव्ये ज्ञात आहेत.

आरंभ देवळातूनच करू. आरतीच्या वेळी कापूर जळतो व मागे काही उरत नाही. आपल्या कीर्तनकारांनी अहंकाराच्या विलयाला ह्याहून चांगला दृष्टान्त शोधला नाही, आणि दृष्टान्त म्हणून तो योग्यच आहे. रसायनशास्त्राच्या कचेरीतील हिशेब मात्र निराळा निघतो. कापराच्या एका रेणूत कार्बनचे १०, हायड्रोजनचे १६ आणि ऑक्सिजनचा १ अणू असतो. १५२ ग्रॅम कापूर पूर्णपणे जळावयाचा तर त्याला हवेतला ४३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. एकूण झाले ५८४ ग्रॅम. जळून झाल्यावर ४४० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि १४४ ग्रॅम पाण्याची वाफ होते; बेरीज पुन्हा ५८४. एक गुंजही हरवली नाही. कापूर नाहीसा झाला खरा, परंतु त्याचा प्रत्येक अणू गाभाऱ्यातल्या हवेत शाबूत आहे. आरतीच्या तबकावर जी काजळी धरते, ती पुरेसा ऑक्सिजन न मिळाल्यामुळे मागे राहिलेल्या कार्बनची.

ही जमाखर्चाची शिस्त रसायनशास्त्राला ज्याने लावून दिली, तो आमचा व्यवसायबंधू होता हे वाचून आम्हांस मोठी मौज वाटली. आंत्वान लाव्हाझिए ह्याने पॅरिसमध्ये १७६४ साली कायद्याची पदवी मिळविली. वकिली मात्र केली नाही. बंद भांड्यात पदार्थ जाळावयाचे, आणि आधीचे व नंतरचे वजन ताडून पाहावयाचे, हा त्याचा खाक्या. १७८९ साली त्याने रसायनशास्त्रावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला व त्यात ३३ मूलद्रव्यांची यादी दिली. सरकारी करवसुलीच्या मक्त्यात भागीदार असल्याकारणाने राज्यक्रांतीच्या काळात, ८ मे १७९४ रोजी, त्याला गिलोटिनवर चढविण्यात आले. त्याच्या यादीत चुना हे मूलद्रव्य म्हणून लिहिले आहे. चुना फोडून त्यातून कॅल्शियम हा धातू हंफ्री डेव्हीने विजेच्या साहाय्याने वेगळा काढला तो १८०८ साली. यादी दुरुस्त झाली. तागडी तीच राहिली.

आता चुन्याचा विषय निघालाच आहे, तर गोमंतकीयांनी तो सहजासहजी सोडू नये. आपल्या जुन्या देवळांच्या भिंती चुन्याने बांधलेल्या व चुन्याने गिलावलेल्या आहेत. किनाऱ्यावरचे शिंपले गोळा करून भट्टीत भाजावयाचे, त्यांची चुनेकळी करावयाची, ती पाण्यात विरवावयाची, आणि त्या चुन्यात वाळू कालवून भिंत लिंपावयाची, असा हा क्रम. ह्या क्रमात संबंध रसायनशास्त्राची पहिली तीन प्रकरणे दडलेली आहेत. शिंपला बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटाचा असतो. १०० ग्रॅम शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट भाजले की ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि ५६ ग्रॅम चुनेकळी मागे राहते. ह्या ५६ ग्रॅम कळीवर १८ ग्रॅम पाणी पडले की ती फसफसते, तापते आणि ७४ ग्रॅम विरलेला चुना तयार होतो. तो भिंतीवर बसला की वर्षानुवर्षे हवेतला तोच वायू हळूहळू शोषून घेतो: ७४ ग्रॅम चुना ४४ ग्रॅम वायू घेतो, १८ ग्रॅम पाणी सोडतो, आणि पुनश्च १०० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट होतो. समुद्रातला शिंपला भट्टीतून फिरून भिंतीवर पुन्हा दगड होऊन बसतो. जुन्या चुन्याची भिंत काळाबरोबर अधिक टणक होते असे गवंडी सांगतात, त्याचे मर्म हेच.

ह्यातील वजनांकडे वाचकांनी पुन्हा एकदा पाहावे. शंभराला चव्वेचाळीस हे प्रमाण शिंपला मांडवीच्या मुखावरचा असो की रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचा, बदलत नाही. झोझेफ प्रूस्त ह्या फ्रेंच रसायनज्ञाने १७९९ साली तांब्याच्या कार्बोनेटाविषयी हेच दाखविले: खाणीत सापडलेले घ्या की प्रयोगशाळेत बनविलेले घ्या, घटकांचे प्रमाण एकच. त्याच्या विरुद्ध बाजूस बेर्तोले हा त्या काळचा मोठा विद्वान होता. हा वाद सात-आठ वर्षे चालला, आणि दोघांनीही सभ्यतेची मर्यादा सोडली नाही. आमच्या न्यायालयांच्या आवारात ह्या वादाची एखादी तसबीर लावावी असे आम्हांस पुष्कळदा वाटते.

प्रमाण ठरलेले का असावे? ह्याचे उत्तर इंग्लंडातील एका विणकराच्या मुलाने दिले. जॉन डाल्टन वयाच्या बाराव्या वर्षीच गावच्या शाळेत मुलांना शिकवू लागला होता. पुढे मँचेस्टर येथे त्याने १८०३ पासून हा विचार मांडला व १८०८ साली तो ग्रंथरूपाने दिला. त्याचा युक्तिवाद असा: एका मूलद्रव्याचे सर्व अणू वजनाने सारखे, दुसऱ्याचे निराळे, आणि संयोग होतो तो पुऱ्या अणूंचा, तुकड्यांचा नव्हे. कोळसा मोकळ्या हवेत जळला की १२ ग्रॅम कार्बनाला ३२ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. बंद खोलीत हवा अपुरी पडली की एक निराळाच विषारी वायू होतो, आणि त्यात १२ ग्रॅमला १६ ग्रॅम ऑक्सिजन असतो. बरोबर निम्मा. वीस किंवा पंचवीस ग्रॅमांचा, असा मधला वायू होत नाही.

देवस्थानच्या दानपेटीचा दाखला घ्या. पेटी कुलूपबंद आहे आणि उघडण्याची परवानगी नाही. केवळ तिचे वजन करता येते. दर भक्तामागे वजन वाढते, पण ते नेहमी एका ठरावीक मापाच्या पटीत: कधी एकपट, कधी दुप्पट, कधी तिप्पट, दीडपट कधीच नाही. पेटी न उघडता चाणाक्ष पंच काय म्हणेल? आत एकाच जातीची नाणी पडत आहेत. डाल्टनने ह्यापलीकडे काही केले नाही, आणि ह्याहून मोठे काम त्या शतकात फार थोड्यांनी केले.

त्यानंतरचा साक्षीदारही आमच्याच बिरादरीतला. अमेदेओ आव्होगाद्रो हा तुरीन शहरचा. १७९६ साली तो चर्चच्या कायद्यात पदवीधर झाला, काही वर्षे त्याने वकिली केली आणि मग पदार्थविज्ञानाकडे वळला. त्याच्यापुढे एक कोडे होते. दोन मापे हायड्रोजन आणि एक माप ऑक्सिजन मिळून वाफ होते, ती एक माप किंवा तीन मापे न होता दोन मापे होते, असे गे-ल्युसाकने दाखविले होते. ऑक्सिजनचा कण एकटा असेल, तर तो दोन मापांत वाटला कसा जाईल? १८११ साली आव्होगाद्रोने उत्तर दिले: सारख्या तापमानाच्या व दाबाच्या सारख्या आकारमानात कणांची संख्या सारखीच असते, आणि ऑक्सिजनचा कण म्हणजे दोन अणूंची जोडी असते. जोडी फुटते, अणू फुटत नाही. अणू आणि रेणू ह्यांतला जो भेद आमच्या भाचीला छळीत होता, तो येथे जन्माला आला. आव्होगाद्रोच्या हयातीत त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. तो १८५६ साली वारला; आणि १८६० साली कार्ल्सरूए येथे भरलेल्या रसायनज्ञांच्या परिषदेत त्याचाच देशबांधव कान्निझारो ह्याने त्याची बाजू मांडली, तेव्हा निकाल फिरला. अपील मंजूर झाले त्या वेळी अपीलदार हयात नव्हता. हे दुःख आमच्या धंद्यात नवे नाही.

तरीही विरोध संपला नव्हता. अर्न्स्ट माख आणि विल्हेल्म ओस्टवाल्ड हे लहानसहान लोक नव्हते. परंतु अणू हा हिशेबाच्या सोयीसाठी धरलेला आहे, त्याला खरोखरीचे अस्तित्व मानू नये, असा त्यांचा पक्ष होता. परिस्थितीच्या पुराव्यावर फाशी देऊ नये असे म्हणणाऱ्या वकिलांसारखाच हा पक्ष. आम्ही त्याला नावे ठेवणार नाही. अशा पुराव्याची साखळी अखंड असली पाहिजे आणि दुसरा कोणताही निष्कर्ष संभवता कामा नये, असे आपल्या न्यायालयांचेही सांगणे आहे. ही अखेरची कडी सापडली ती पाण्याच्या थेंबात. १८२७ साली रॉबर्ट ब्राउन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाला सूक्ष्मदर्शकाखाली परागांतील बारीक कण पाण्यात एकसारखे थरथरताना दिसले होते. १९०५ साली आइन्स्टाइनने गणिताने दाखविले, की पाण्याचे अदृश्य रेणू चोहोंकडून धक्के देत असतील तर कणांनी अमुक वेळात सरासरीने अमुक अंतर सरकले पाहिजे. १९०८ पासून झां पेरँ ह्याने ते मोजून पाहिले. ह्या मोजणीसाठी त्याने वापरलेला पिवळा चीक ज्या झाडाचा, ते आपल्या भिरंडाच्या, म्हणजे कोकमाच्या, जातकुळीतले. ठरावीक वजनात किती रेणू असतात ही संख्या त्याने काढली. आणि दहाहून अधिक निरनिराळ्या मार्गांनी काढलेल्या संख्या एकमेकींच्या जवळ आल्या. एकमेकांस न ओळखणारे दहा साक्षीदार निरनिराळ्या वाटांनी येऊन एकच गोष्ट सांगू लागले, तर कोणता न्यायाधीश ती नाकारील? ओस्टवाल्डने आपले मत बदलले व १९०९ साली तसे छापून कबूल केले. पेरँला १९२६ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ती संख्या केवढी, हे सांगणे अवघड आहे. परंतु केल्विनने योजिलेला एक दृष्टान्त आपल्या मापांत बसवून पाहू. १८० ग्रॅम पाणी मावेल असे एक फुलपात्र घ्या. त्यात पाण्याचे सुमारे सहावर चोवीस शून्ये इतके रेणू असतात. त्यांवर खूण करता आली असे समजा व ते पाणी मांडवीच्या मुखाशी समुद्रात ओता. पृथ्वीवरच्या सर्व समुद्रांचे मिळून सुमारे १३३ कोटी घनकिलोमीटर पाणी आहे; त्या साऱ्यात ते पूर्णपणे मिसळू द्या. मग जगातल्या कोणत्याही किनाऱ्यावर ते फुलपात्र पुन्हा भरून घ्या. त्यात खुणेचे सुमारे आठशे रेणू सापडतील. एका पात्रातल्या रेणूंची संख्या सर्व समुद्रांत मिळून मावणाऱ्या पात्रांच्या संख्येहून आठशेपट मोठी आहे, एवढाच ह्याचा अर्थ.

आणि भाचीच्या मूळ प्रश्नाचे उत्तर? होय, पुढे अणू दिसलाही. १९५५ साली एर्विन म्यूलर ह्याने धातूच्या सुईच्या टोकावरील अणूंची रचना पडद्यावर दिसेल असे यंत्र केले. १९८१ साली बिनिग व रोरर ह्यांनी अणूंचे उंचवटे टिपणारा निराळाच सूक्ष्मदर्शक बनविला. तोवर अणू अविभाज्य नाही हेही ठरून गेले होते. १८९७ साली टॉमसनने इलेक्ट्रॉन शोधला, १९११ साली रदरफर्डने अणूच्या मध्याशी असलेले केंद्रक दाखविले. केंद्रकात प्रोटॉन सहा असले तर तो कार्बन, आठ असले तर ऑक्सिजन, वीस असले तर कॅल्शियम. रसायनक्रियेत केंद्रकाला धक्का लागत नाही. देवघेव होते ती बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची. परंतु अणू डोळ्यांपुढे आला तेव्हा खटल्याचा निकाल लागून जवळजवळ अर्धशतक लोटले होते.

येथे आमच्या वाचकांतले कोणी म्हणतील, "अहो, हे तर आमच्या कणादांनी केव्हाच सांगून ठेवले आहे." आमच्या गावच्या देवळातील एका व्याख्यानात हे वाक्य ऐकून सभेने टाळ्या दिल्या. आमचे हात मात्र वर झाले नाहीत, आणि त्याचे कारण कणादांविषयीचा आदर हेच. वैशेषिकांचा युक्तिवाद किती बळकट आहे पाहा: पदार्थाचे तुकडे कोठेच न थांबता होत राहिले, तर मेरू आणि मोहरी दोहोंचेही अवयव अनंत होतील, आणि मग लहान-मोठे हा भेदच उरणार नाही, म्हणून विभाजन कोठे तरी थांबले पाहिजे. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, आणि झरोक्यातून येणाऱ्या उन्हात तरंगताना दिसणारा कण तो त्र्यणुक, अशी ती मांडणी. ह्या दर्शनाने प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे स्वतंत्र मानली. केवळ कोणी थोराने सांगितले म्हणून खरे, हे त्याने स्वतंत्र प्रमाण धरले नाही. तेव्हा 'कणादांनी सांगितले' एवढ्यावर दावा जिंकू पाहणे म्हणजे कणादांच्याच न्यायालयात अग्राह्य पुरावा दाखल करणे होय.

शिवाय दोन दाव्यांचा विषय एक नव्हे. वैशेषिकांचे परमाणू पृथ्वी, आप, तेज, वायू असे चार जातींचे. रसायनशास्त्राला पाणी हे मूलद्रव्यच नाही असे आढळले. उन्हातल्या कणात त्यांच्या हिशेबाने सहा परमाणू. मिलिमीटराच्या शंभराव्या भागाएवढ्या कणात आज मोजले तर कित्येक लाख कोटी अणू भरतात. अनुमानाची दिशा बरोबर होती, परंतु ती तागडीपर्यंत पोहोचली नाही.

का पोहोचली नाही? ह्या प्रश्नाला आचार्य प्रफुल्लचंद्र राय ह्यांनी आपल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात, १९०२ साली, हात घातला. त्यांचे एक कारण आपल्या मंडळींनी शांतपणे ऐकण्यासारखे आहे: हाताने करावयाच्या विद्या खालच्या गणलेल्या जातींकडे गेल्या, आणि बुद्धीचा व्यवसाय करणारा वर्ग त्यांपासून दूर सरला. आम्हांस ह्यात आमची चुन्याची भट्टी दिसते. डोक्यावरून शिंपल्यांची पाटी नेणाऱ्याला, परत आणलेली कळीची पाटी हलकी लागते, हे ठाऊक असलेच पाहिजे. त्या चुन्याने बांधलेल्या अग्रशाळेत बसून परमाणूची चर्चा करणाऱ्या शास्त्र्याला अनुमान कसे करावे हे ठाऊक होते. एकाजवळ वस्तुस्थिती होती, दुसऱ्याजवळ युक्तिवाद. दोघांमध्ये एका ओट्याचे अंतर होते, आणि तो ओटा भट्टीवाल्याला चढण्याची मुभा नव्हती. चुनखडीचे वजन भाजल्यावर का घटते हे जोसेफ ब्लॅक ह्या स्कॉटिश वैद्याने तोलून-मापून दाखविले ते १७५६ साली. साक्षीदार आमच्याकडेही हजर होता. त्याला कोणी पुकारले नाही.

म्हणून आमची एक सूचना आहे. देवस्थानांच्या वाचनालयांत दर्शनांचे ग्रंथ असतात, ते असावेतच. त्यांच्या शेजारी एक चांगला तराजू आणि चुन्याच्या निवळीची एक बाटली ठेवावी, आणि तेथे सर्व घरांतल्या मुलांना बसवावे. निवळीत नळीने हलकेच फुंकर घालावयाची; तोंडात ओढावयाची नाही की डोळ्यांत उडू द्यावयाची नाही, एवढी काळजी मोठ्यांनी घ्यावी. थोड्याच वेळात स्वच्छ पाणी दुधाळ होते. श्वासातला वायू चुन्याला मिळाला आणि शिंपल्याचा तोच पदार्थ बारीक भुकटीच्या रूपाने परत आला. आमच्या भाचीने हे केले तेव्हा पाच-सहा मुले भोवती जमली होती, आणि प्रत्येकाला आपल्या श्वासाने तसेच होते काय ते पाहावयाचे होते. सर्वांच्या श्वासाने तसेच झाले.